आठ दशांश मिलिमीटर

त्या वर्षी आमच्या तव्याला प्लास्टिकचा जो वास लागला, तो आईने राखेने, चिंचेने आणि शेवटी विटेच्या तुकड्याने घासूनही गेला नाही. भाकरी टाकली की पहिल्या वाफेबरोबर तो वर यायचा. आई भाकरी उलटायची आणि ओसरीकडे न बघता, पण ओसरीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, की आज काय भाजलं म्हणायचं, पंख का शेपूट? ओसरीवर माझे धाकटे चुलते, यशवंतनाना, आणि मी बसलेलो असायचो. आमच्यामध्ये जुन्या दाराची फळी, आणि फळीवर माझ्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत भरेल एवढं लढाऊ विमान, उघड्या पोटाचं. नाना आईला उत्तर देत नसत. मला म्हणत, "दिल्या, पट्टी धर." मी पट्टी धरत असे. मला सतरावं लागलं होतं, बारावीचं वर्ष होतं, आणि घरातल्या कोणालाही त्याची माझ्याइतकी काळजी नव्हती.

आमचं घर जुन्नरच्या बाहेर, ओतूरकडे जाणाऱ्या रस्त्याला. समोर पिठाची गिरणी. वीज असली की गिरणीचा पट्टा आणि विहिरीवरची मोटर एकाच वेळी सुरू होत, आणि वीज गेली की एवढी शांतता पसरे की नानांची कानस प्लास्टिकवर खरखरताना स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाई. वडील बहुतेक वेळ शेतात. नाना विमानदलात फिटर होते, विमानाच्या सांगाड्याचे. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा जेमतेम चाळिशीचे. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या तऱ्हेवाईकपणाचा सगळा भार आमच्या घरावर पडला. बरोबर त्यांनी एक लोखंडी ट्रंक आणली आणि हे खोकं. निरोपाच्या वेळी बरोबरच्या माणसांनी वर्गणी काढून दिलेलं. आत मिग विमानाचे सुटे भाग, बत्तीसास एक या प्रमाणात. म्हणजे खऱ्या विमानावरचा एक फूट आमच्याकडे साडेनऊ मिलिमीटर. हे गणित मी पहिल्याच दिवशी करून खोक्याच्या झाकणावर लिहून ठेवलं, आणि तिथेच माझी निवड झाली.

खोक्यात दोनशे चौदा भाग होते. मी मोजले. त्यातले साठाच्यावर नानांनी पहिल्या आठवड्यातच बाद ठरवले, कारण खोक्यातलं विमान नंतरच्या अवताराचं होतं आणि नानांनी हात घातलेलं विमान त्याच्या आधीचं. त्याची पाठ बारीक, पंखाखाली बॉम्ब अडकवायची दोनऐवजी एकच टांगणी, आणि वैमानिकाच्या डोक्यावरची काच एकसंध, पुढच्या बाजूला उघडणारी. मी म्हणालो, दुरून कोणाला काय कळणार आहे? नाना म्हणाले, "दुरून तर घारबी इमानच वाटती." मग पाठीचा फुगवटा कानशीने उतरवला, भोकं गाडीच्या पत्र्याला भरतात त्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरली, पुन्हा घासली. विमानाच्या नाकापुढची नळी दवाखान्यातून आणलेल्या इंजेक्शनच्या सुईची केली. रिव्हेटच्या रांगा गजराच्या मोडक्या घड्याळातलं दातेरी चाक फिरवून उमटवल्या. त्या काचेसाठी पेठेतल्या कापडवाल्या शेठजींकडून साडीच्या खोक्यांची पारदर्शक झाकणं आणली. सागाचा साचा कोरायचा, झाकण तव्यावर धरून मऊ करायचं आणि साच्यावर ओढायचं. एकोणीस काचा बिघडल्या. विसावी जमली तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. श्रद्धेने नव्हे, तवा सुटला म्हणून.

माझा मुलगा हल्ली अवसरीला इंजिनिअरिंगला आहे. त्याला ही हकिकत सांगितली तर म्हणाला, बाबा, हे सगळं आम्ही यंत्रावर छापून काढतो, फार तर दोन दिवस. मी त्याला म्हणालो, छापशील, पण नानांच्या पसंतीस उतरवशील का? एकदा एक टांगणी मी चार वेळा केली. चौथी त्यांनी बोटांत फिरवली, उजेडात धरली, आणि म्हणाले, पहिलीच बरी होती. पहिली मी चुलीत टाकली होती.

एवढंच असतं तर मी निभावून नेलं असतं. पण पावसाळा सरल्यावर नानांनी विमानाच्या आतलं काम काढलं. खोक्यातलं विमान आतून पोकळ. नानांना शेपटीकडच्या भागात इंजिन हवं होतं, इंजिनाच्या कडेने जाणारी इंधनाची नळी हवी होती, ती नळी धरून ठेवणारी क्लिप हवी होती, आणि पोटाला एक उघडणारं झाकण. मी फळीवर पट्टी आपटली. जे एकदा बंद झाल्यावर जन्मात कोणाला दिसणार नाही ते कशाला करायचं, आणि माझी सहामाही कोण देणार? नाना रागावले नाहीत. कानस खाली ठेवून त्यांनी मला केरभाऊंची गोष्ट सांगितली. घरात ते नाव मी ऐकलेलं होतं, पण ते निघालं की वडील विषय बदलत.

केरभाऊ घोडेगावच्या वरच्या अंगाचे, आहुप्याच्या वाटेवरच्या एका वाडीतले. नाना आणि ते एकाच दिवशी भरती झाले, एकाच खोलीत राहिले, सुटीला एकाच गाडीने यायचे. एके दिवशी एक विमान धूर सोडत उतरलं. वैमानिक सुखरूप बाहेर आला, पण विमान कित्येक महिने पडून राहिलं. कारण सापडलं ते असं: एक क्लिप सैल झाली होती, नळी घासून भोक पडलं होतं. त्या सकाळच्या तपासणीवर सही केरभाऊंची. चौकशीत नानांना एकच प्रश्न विचारला गेला, की पोटाचं झाकण उघडून पाहिलं तर ती क्लिप दिसते का? नाना म्हणाले, दिसते. त्या एका शब्दावर केरभाऊंची बढती गेली, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरीही सोडली. त्याला नऊ वर्षं झाली होती. दोघांचं बोलणं नाही. "आन् आता मला न्हाई आठवत," नाना म्हणाले, "दिसायची का न्हाई. दिसती म्हणालो तवा खात्री व्हती. आता रात न् दिस ते झाकण डोळ्यापुढं हाय, आन् आत अंधार."

मी म्हणालो, यासाठी विमान कशाला, आलेखाच्या कागदावर एका दुपारी काढून दाखवतो. नाना म्हणाले, कागदाला आत-बाहेर नसतं. दुसरी गोष्ट मी बोललो नाही, आणि ती आज तर मला जास्तच टोचते: विमान आम्ही त्यांच्या आठवणीवरून बनवत होतो आणि त्यावरून त्यांची आठवण तपासणार होतो. मी आज बांधकामांची मोजमापं घेण्याचं काम करतो. कोणी असा पुरावा माझ्यापुढे आणला तर मी कागद परत करीन. पण नानांची आठवण डोक्यात नव्हती, हातात होती, हेही खरं. त्यांना इंच सांगता येत नसत. ते डोळे मिटून हात पुढे करत आणि म्हणत, हितं हात कोपरापतुर जायाचा, मग मनगट वाकवायचं, मग बोटाला नळी लागायची. मी शिंप्याची टेप त्यांच्या हाताला लावायची, आकडा लिहायचा, बत्तीसाने भागायचं. कोपर ते बोट, अठरा इंच. मनगट ते बोट, साडेसात. अशी मी बारा मापं घेतली, आणि अकरा त्यांच्या अंगावरून घेतली.

बारावं झाकणाचं. त्या दिवशी नाना कांद्याच्या वाफ्यांना पाणी द्यायला, दारं धरायला गेले होते. मी बांधावरून विचारलं, त्यांनी चिखलातून ओरडून सांगितलं, की झाकण एक वीत लांब, चार बोटं रुंद. त्यांचे हात चिखलाचे, मला परत जाऊन अभ्यासाला बसायचं होतं. ओसरीवर येऊन मी पट्टीवर माझीच वीत ठेवली. आठ इंच. भागिले बत्तीस, सहा पूर्णांक पस्तीस शतांश मिलिमीटर. तेवढं भोक पाडलं, झाकण कापलं, आणि गणिताचं पुस्तक उघडलं.

आत सगळं बसवायला हिवाळा गेला. नळी तांब्याच्या तारेची, क्लिप पत्र्याची, तिला आईच्या नखांचा लाल रंग, दिसावी म्हणून. सगळं बंद झालं तेव्हा नानांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं, विजेरी मला धरायला दिली आणि पोटाचं झाकण उघडून आत पाहिलं. समोरून, डावीकडून, उजवीकडून, खाली झोपून. गिरणी चालू होती, आई शेंगदाणे भाजत होती. नाना उठून बसले. "न्हाई दिसत," ते म्हणाले. मी पाहिलं. नळी दिसत होती, क्लिप नव्हती. "म्हंजे मी खोटं बोललो," नाना म्हणाले, अगदी साध्या आवाजात, जसं कोणी म्हणावं की म्हणजे मीठ विसरलो. मग आईकडे जाऊन म्हणाले, "वहिनी, रविवारी मासवड्या कराल का? केरूकडं जायाचंय." आईने हातातला झारा खाली ठेवला. अकरा महिने ती नानांना टोमणे मारत होती, त्या दिवशी तिने फक्त मान हलवली.

रविवारी पहाटे घरभर बेसनाचा आणि सुक्या खोबऱ्याचा वास. मी खोकं बांधायला घेतलं. नानांनी खोक्याचं झाकण दाबून धरायला पंजा पसरून ठेवला, आणि मी सुतळी ओढताना माझा पंजा त्यांच्या शेजारी आला. माझ्या करंगळीच्या पुढे त्यांची करंगळी बोटभर बाहेर होती. मी टेप आणली, कशाला ते सांगितलं नाही. त्यांची वीत नऊ इंच. मी परसात जाऊन आलेखाच्या कागदावर काढून पाहिलं. विमानाच्या पोटाचं झाकण सहा पूर्णांक पस्तीस नव्हे, सात पूर्णांक चौदा हवं होतं. फरक आठ दशांश मिलिमीटर, नखाच्या जाडीहून थोडा जास्त. पण मोठ्या झाकणाच्या कडेवरून नजरेची रेघ ओढली की ती क्लिपच्या बरोबर मध्यातून जात होती. मी पुन्हा काढलं. पुन्हा तेच. नाना खरं बोलले होते. माफी मागायचं काही कारण नव्हतं, आणि बाहेर ते पांढरा सदरा घालून, डब्याला फडकं बांधून एसटीच्या वेळेची चौकशी करत होते.

मला सगळ्यांचा संताप आला. चिखलातून ओरडणाऱ्या नानांचा, नऊ वर्षं तोंड न उघडणाऱ्या दोन मोठ्या माणसांचा, सगळ्यात जास्त माझा, कारण मी ताकाचंही भांडं दोनदा मोजणारा मुलगा. घोडेगावपर्यंत मी दोनदा सुरुवात केली. "नाना, मापात जरा..." ते म्हणाले, "माप बास आता." घोडेगावला गाडी बदलली. वरच्या गाडीत कंडक्टरने गोधडीत गुंडाळलेल्या खोक्याकडे बोट केलं. कोंबडं असेल तर तिकीट लागेल म्हणाला. नाना म्हणाले, इमान हाय. "मग उडत जायचं ना, राव," कंडक्टर म्हणाला, "आमच्या गाडीला कशाला तरास." सगळी गाडी हसली. नाना हसले नाहीत. खोक्यावर दोन्ही हात ठेवून ते ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होते. मला वाटलं जप. मग कळलं, केरभाऊंना काय म्हणायचं ते पाठ करत होते.

केरभाऊंच्या अंगणात हिरडा वाळत घातला होता. केरभाऊ नानांपेक्षा बारीक, केस पूर्ण पांढरे. पायरीवर बसून ते दोर वळत होते. आम्हाला पाहून उठले नाहीत आणि जा असंही म्हणाले नाहीत. त्यांच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि घोंगडी अंथरली. नाना बसले, गोधडी सोडली, विमान बाहेर काढलं. केरभाऊंचे हात थांबले. त्यांनी विमानाच्या पाठीवरून बोट फिरवलं, काचेवर टिचकी मारली, आणि पंखाखाली वाकून टांगण्या मोजल्या. मग नानांनी पाठ केलेलं सगळं सांगितलं. आतला हरएक भाग बनवला, झाकण उघडून चारी अंगांनी पाहिलं, क्लिप दिसत नाही. म्हणजे चौकशीत मी चुकीचं बोललो, आणि तुझं नुकसान झालं. हे सांगायला आलो. मी तोंड उघडून बसलो होतो. कुठे मध्ये बोलावं तेच कळेना.

केरभाऊंनी दोर बाजूला ठेवला.

"यशवंता," ते म्हणाले, "मी ते झाकण उघडलंच न्हवतं."

केरभाऊंनी विमानाच्या पोटाकडे बोट केलं.

"चार इमानं व्हती त्या सकाळी. तीन बघितली. चौथ्याला नुसती सही मारली. दिसत व्हती का न्हाई, मला काय ठावं? मला वाटलं तुला कळलंय. म्हून तू येत न्हाईस."

"मी लाजंनं आलो न्हाई, केरू."

"मीबी त्याच्यामुळंच."

मला वाटलं, आता दोघे एकमेकांच्या गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. नाना संतापले. एवढे संतापलेले मी त्यांना आधी पाहिले नव्हते आणि पुढेही नाही. नऊ वर्षं, ते म्हणत होते, नऊ वर्षं आणि अकरा महिने, वहिनीचा तवा, ह्या पोराची बारावी. त्यांनी विमान उचलून केरभाऊंच्या मांडीवर ठेवलं, भिंग हातात कोंबलं आणि म्हणाले, "उघड. आता तरी उघड."

केरभाऊंनी नखाने झाकण उघडलं. मी विजेरी धरली. समोरून, डावीकडून, उजवीकडून, शेवटी पायरीवर आडवे होऊन, अगदी नानांनी पाहिलं होतं तसंच. आत त्यांची बायको जातं थांबवून दाराशी येऊन उभी राहिली होती. ते उठून बसले तेव्हा डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उमटला होता.

"न्हाई दिसत," ते म्हणाले. मग भिंग नानांना परत देत, "म्हंजे उघडलं असतं तरी दिसली नसती." आणि माझ्याकडे वळले. "पोरा, हिशेब तुझा हाय म्हणतो तुझा चुलता. माप बरोबर हाय ना?"

नानाही माझ्याकडे बघत होते. आज मी एखाद्या भिंतीच्या मोजणीत बोटभर फरक सापडला तरी पान फाडून नवीन लिहितो, मालक कितीही चिडला तरी. बायको म्हणते, तुमच्यासारख्या माणसाबरोबर भाजी आणायला जायची सोय नाही. तिला मी मापाची ही एक गोष्ट अजून सांगितलेली नाही.

"हो," मी म्हणालो. "बरोबर आहे."

केरभाऊंनी झाकण बसवलं, चारही कोपरे बोटाने दाबून पाहिले, आणि बायकोला भात जास्त टाकायला सांगितला. जेवायला वरईचा भात, आमटी आणि आईच्या मासवड्या. मी ताटातल्या भातावर बोटाने झाकणाचा चौकोन काढत होतो आणि पुसत होतो. त्या दोघांना मात्र काही वाटत नसावं. ताटं येईपर्यंत ते एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून विमानावर वाकले होते, आणि दुसरा भात घेईपर्यंत भांडू लागले होते. भांडण झाकणाला सहा स्क्रू होते की आठ, यावरून. नानांनी सहा केले होते. केरभाऊ म्हणत होते आठ, माझ्या हाताला अजून आठवतात, तू सगळंच अर्धवट करतोस, पहिल्यापासून तसाच.

"तुला काय म्हायती?" नाना म्हणाले. "तू तर उघडलंच न्हवतंस."

केरभाऊंच्या बायकोने पळी भांड्यात तशीच धरून ठेवली. केरभाऊंनी नानांकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, आणि मग त्यांना एवढं हसू आलं की तोंडातला भात सांभाळायला त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले.